जेवणाआधीचं अनुमान : इन्सुलिन पंप आणि आपलं ताट



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग हा मधुमेह मध्येच कुठून आला? प्रश्न रास्त आहे. आमची नात टाइप वन मधुमेहासाठी इन्सुलिन पंप वापरते. तिच्या ताटाशेजारी बसून आम्ही जे रोज पाहतो, ते आम्ही वर्गात शिकवत होतो त्या अनुमानाच्या प्रकरणाचंच प्रात्यक्षिक आहे, असं आमच्या ध्यानात आलं. म्हणून हा विषय घेतला. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. आमच्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातल्या पदवीमुळे, त्यावर औषध लिहून देता येत नाही. आज जे आकडे येतील ते समजून घेण्यासाठी आहेत. कुणाची मात्रा किती, हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

आधी रोग समजून घेऊ. टाइप वन मधुमेहात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी नष्ट करते. या पेशी इन्सुलिन तयार करतात. त्या गेल्या की इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. जास्त गोड खाल्ल्यानं हा रोग होत नाही. लहान मुलाला तो झाला की शेजारीपाजारी "लाडानं फार गोड दिलं असेल" म्हणतात, ते साफ चूक आहे. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढण्याचं काम सुरू केलं. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत ते चाललं होतं, आणि कॉलिप यांनी पुढे तो अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. त्याआधी हा रोग झालेलं मूल फार तर काही महिने, क्वचित दोनचार वर्षं जगायचं. म्हणजे आपण ज्या प्रश्नाबद्दल बोलतो आहोत, तो उभा राहायलाच माणूस आधी जगावा लागला.

आता निरोगी शरीरात काय होतं ते बघा. फोडणीचा वास आला, पहिला घास तोंडात गेला, की साखर वाढण्याच्या आधीच थोडं इन्सुलिन सुटायला लागतं. ते स्वादुपिंडातून थेट यकृताकडे जातं, तिथेच त्यातलं जवळपास निम्मं खर्च होतं, आणि उरलेलं रक्तात काही मिनिटंच टिकतं. गरज संपली की पुरवठा थांबतो. स्वादुपिंडाला पुढचे चार तास काय होणार याचा विचार करावा लागत नाही. त्याची चूक दर मिनिटाला दुरुस्त होत असते.

पंप काय करतो? खिशात मावेल एवढं हे यंत्र. त्यात इन्सुलिनची छोटी टाकी, तिथून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला त्वचेखाली बसवलेली कॅन्युला. हा संच दर दोन ते तीन दिवसांनी बदलायचा. पंपात जलद काम करणारं एकाच जातीचं इन्सुलिन असतं, ते दोन रीतींनी दिलं जातं. एक बेसल, म्हणजे दिवसरात्र थेंबाथेंबानं चालू असलेला पुरवठा. माणूस उपाशी असला तरी यकृत साखर सोडत असतं, तिच्यासाठी हे लागतं. दुसरं बोलस, म्हणजे जेवणासाठी एकदम दिलेली मात्रा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये आर्नल्ड कॅडिश यांनी केलेला पंप पाठीवरच्या पिशवीएवढा होता. लंडनमध्ये पिकअप, कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये त्वचेखाली सतत इन्सुलिन देण्याच्या पद्धतीबद्दल लेख प्रसिद्ध केला, आणि तिथून ही पद्धत रुळत गेली.

लोकांचा समज असा असतो, की पंप बसवला म्हणजे झालं, आता काही बघायला नको. बेसलच्या बाबतीत ते थोडंफार खरं आहे, कारण एकदा नीट बसवून दिलं की ते चालू राहतं. पण बोलस पंप आपण होऊन देत नाही. तुम्ही जेवायला बसलात हे त्याला कळतच नाही. ते त्याला सांगावं लागतं, आणि सांगायचं ते जेवणाच्या आधी. आपल्या आजच्या विवेचनाचा गाभा इथे आहे.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन आज आपल्या कामाचे. पहिलं पूर्ववत्, म्हणजे कारणावरून कार्याचं अनुमान. भाष्यातलं उदाहरण सगळ्यांना परिचित आहे, मेघ भरून आले म्हणजे पाऊस पडणार. दुसरं शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाचं अनुमान. नदीला गढूळ पूर आलेला दिसला, म्हणजे वर कुठेतरी पाऊस पडून गेला. आता हे ताटाला लावून बघा. जेवणाआधी ताट पाहून बोलस देणं हे पूर्ववत्. साखर वाढलेली पाहून जादा मात्रा देणं हे शेषवत्. दोन्ही अनुमानंच, पण दुसऱ्यात पाणी आधीच पात्राबाहेर आलेलं असतं.

पुराची वाट पाहून का चालत नाही? कारण त्वचेखाली दिलेलं इन्सुलिन मंद असतं. जलद म्हणवणारं इन्सुलिनसुद्धा सुरू व्हायला १० ते २० मिनिटं घेतं, त्याचा जोर एक ते दोन तासांनी येतो, आणि परिणाम साधारण चार तास राहतो. भाताची साखर मात्र पंधरावीस मिनिटांतच रक्तात दिसू लागते. दोघं एकाच वेळी निघाले तर भात पुढे जातो. म्हणून साखर नेहमीच्या पातळीत असेल तर बोलस जेवणाआधी १५ ते २० मिनिटं द्यावा, असं सांगितलं जातं. पुष्कळ घरांत असं दिसतं, की मात्रेचा हिशोब चोख असतो, पण बोलस आमटी वाढून झाल्यावर दिला जातो, आणि मग सगळे मात्रेलाच दोष देतात.

अर्थात या नियमालाही अपवाद आहेत. लग्नाच्या पंगतीत बसलात, बोलस दिलात, आणि भात यायला पाऊण तास लागला, तर साखर उतरायची भीती. तिथे ताट समोर आल्यावरच बटण दाबावं. जेवणाआधी साखर ७० च्या खाली असेल तर थांबायचं नाही. आधी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि मग जेवणाचा विचार. त्यासाठी पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या स्निग्धामुळे साखर वर यायला उशीर लागतो. लहान मूल किती जेवेल याचा भरवसा नसेल तर काही मात्रा आधी आणि उरलेली, जेवढं खाल्लं तेवढ्यापुरती, नंतर देता येते. पंपाचा मोठा फायदा हाच. प्रत्येक वेळी सुई टोचायची नसल्यानं एका मात्रेचे दोन भाग करणं सोपं जातं.

आता मात्रा कशी काढतात ते पाहू. या अनुमानाला चार गोष्टी लागतात. ताटात कर्बोदकं किती. एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरतं. आत्ताची साखर किती आणि ती कुठे आणायची. आणि मागच्या बोलसचं किती इन्सुलिन अजून अंगात काम करतं आहे.

एक साधं ताट घेऊ. मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते असं धरा, तिची कर्बोदकं साधारण २० ग्रॅम. दोन पोळ्यांची झाली ४०. शिजलेला भात १०० ग्रॅम, त्याची २८. पातळ वरणाची एक वाटी, तिची १२ धरू. काकडीच्या कोशिंबिरीची फारशी नाहीत. बेरीज ८०. समजा या व्यक्तीला १ युनिट १० ग्रॅमला पुरतं, तर जेवणासाठी ८ युनिट. आत्ताची साखर १७०, आणायची ११० वर, आणि १ युनिटनं हिची साखर ४० नं उतरते. फरक ६०, म्हणजे दीड युनिट. दोन तासांपूर्वीच्या खाण्याच्या बोलसमधलं १ युनिट अजून शिल्लक आहे, ते वजा. उत्तर साडेआठ. पंपातला गणक ही बेरीज-वजाबाकी क्षणात करतो. शिल्लक इन्सुलिन वजा करण्याची रीत मात्र सगळ्या पंपांची सारखी नसते, तेव्हा आपल्या पंपाची रीत विचारून घ्यावी.

पण लक्षात घ्या, गणक बेरजेत चुकत नाही. प्रश्न असतो बेरजेत काय घातलं याचा. ८० हा आकडा माणसानं डोळ्यानं पाहून दिला. पोळी कुणाच्या हातची आहे, भाताची वाटी सपाट आहे की शिगोशिग, यावर तो ७० किंवा ९५ ही असू शकतो. म्हणून सुरुवातीला काही आठवडे स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवतात. घरातली वाटी एकदा मोजून ठेवली की नंतर डोळ्याला अंदाज येतो. शिवाय १ युनिटला १० ग्रॅम हे प्रमाणही प्रत्येकाचं वेगळं. एकाच माणसाचंसुद्धा सकाळी आणि रात्री वेगळं असू शकतं. पुष्कळांना न्याहारीला इन्सुलिन जास्त लागतं, म्हणून पंपात दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांसाठी वेगळी प्रमाणं भरून ठेवता येतात. ॲरिस्टॉटल म्हणतो, की वैद्य 'मनुष्या'ला बरं करत नाही, तो या अमुक माणसाला बरं करतो. तसंच बोलस 'जेवणा'ला द्यायचा नसतो. तो आज समोर आलेल्या या ताटाला द्यायचा असतो.

मग प्रश्न येतो ताटाच्या स्वभावाचा. कर्बोदकं सारखी असली तरी सगळी जेवणं सारख्या चालीनं चढत नाहीत. मऊ भात, गोड सरबत, आमरस यांची साखर लवकर चढते. तुपाबरोबर खाल्लेली पुरणपोळी, फरसाण आणि तर्रीची मिसळ, दिवाळीतली करंजी-चकली यांत स्निग्ध भरपूर, त्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर तीन-चार तासांनीसुद्धा वर जात राहते. सगळा बोलस एकदम दिला तर आधी साखर उतरते, आणि मग रात्री उशिरा चढते. त्यासाठी बऱ्याच पंपांत बोलस लांबवून देण्याची सोय असते. काही भाग लगेच, उरलेला पुढच्या दोन-तीन तासांत थोडा थोडा. आपल्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी बघा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि बरोबर दाण्याचं कूट नि तूप. चढते भरपूर, आणि रेंगाळतेही. उपासाचं हलकं खाणं समजून तिला कमी मात्रा दिली तर अंदाज हमखास फसतो. कुठल्या पदार्थाला किती भाग आधी आणि किती नंतर, हे त्या पदार्थाच्या दोन-तीन अनुभवांची नोंद ठेवून डॉक्टरांबरोबर ठरवावं लागतं.

आणि आपल्याकडचा आग्रह! "अर्धी तरी घे" म्हणत ताटात पोळी पडली, की मघाचं अनुमान जुनं झालं. पंप असल्यानं त्या अर्ध्या पोळीसाठी जादा बोलस देता येतो, पण द्यायचं लक्षात राहिलं पाहिजे. आग्रह करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं तर बरं.

दुसरी अडचण धीराची. जेवणानंतर तासाभरात साखर २३० दिसली की हात बटणाकडे जातो. पण मघाच्या बोलसचा जोर तर आत्ता कुठे यायचा आहे. त्यावर आणखी मात्रा दिली, तासानं आणखी दिली, की सगळ्या एकत्र काम करू लागतात आणि साखर कोसळते. म्हणून शिल्लक इन्सुलिनचा आकडा बघितल्याशिवाय वरची मात्रा देऊ नये. थांबणं हीसुद्धा इथे एक कृती आहे.

आता थोडं गंभीर. नैयायिक उपाधी नावाचा एक दोष सांगतात. आग आहे म्हणून धूर असेलच, असं म्हणता येत नाही, कारण धुराला ओलं सरपण लागतं. ती दडलेली अट म्हणजे उपाधी. बटण दाबलं म्हणजे इन्सुलिन अंगात गेलं, या अनुमानालाही अशीच दडलेली अट आहे. नळी मोकळी हवी, कॅन्युला वाकलेली नको, इन्सुलिन उन्हानं बिघडलेलं नको. पंपात लांब टिकणारं इन्सुलिन नसतं, त्यामुळे पुरवठा अडला तर काही तासांतच शरीर कीटोन बनवू लागतं, आणि कीटोॲसिडोसिस जिवावर बेतू शकतो. म्हणून साखर २५० च्या वर असेल आणि दुरुस्तीच्या बोलसनं उतरत नसेल, तर पंपावर विश्वास ठेवून बसायचं नाही. कीटोन तपासायचे, इन्सुलिन पेननं किंवा सिरिंजनं घ्यायचं, संच बदलायचा. उलट्या होत असतील किंवा कीटोन वाढलेले असतील तर लगेच दवाखाना गाठायचा. इथे आपल्या देशातली एक बाब सांगायला हवी. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतेच्या इन्सुलिनच्या कुप्या मिळतात. पंपाला १०० ची लागते. वेळप्रसंगी सिरिंज वापरताना सिरिंजवरचा आकडा आणि कुपीवरचा आकडा एकच आहे ना, हे घरातल्या प्रत्येकाला बघता आलं पाहिजे.

इतका खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारेल. अमेरिका आणि कॅनडात टाइप वनच्या १४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९३ साली आले. काटेकोर उपचार घेणाऱ्यांत, ज्यांना सुरुवातीला डोळ्यांचा विकार नव्हता त्यांना तो होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी घटलं. पण त्याच गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे दोन्ही बाजूंना दरी आहे. एका बाजूची संथ, वीस वर्षांनी डोळे नि मूत्रपिंड नेणारी. दुसरीचा प्रसंग वीस मिनिटांत ओढवणारा. जेवणाचा बोलस या दोन्हींच्या मधून दिवसातून तीन-चार वेळा चालायला लावतो.

मग आपणहून काम करणारा पंप आला की हे सगळं संपेल का? तसे पंप आता आहेत. त्वचेखालचा संवेदक साखर मोजतो आणि पंप बेसल कमीजास्त करतो. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रणेला २०१६ साली मान्यता मिळाली. रात्रीची झोप त्यानं पुष्कळांना परत दिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिला संमिश्र म्हणतात ते उगीच नाही. जेवणाची वर्दी अजून माणसानंच द्यायची असते. संवेदक रक्तातली नव्हे, तर पेशींच्या भोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, तिथे ती काही मिनिटं उशिरा पोचते. म्हणजे कितीही हुशार असलं तरी ते यंत्र नदीकाठी बसलेलं आहे. त्याला पूर दिसतो, मेघ दिसत नाही. मेघ दिसतो तो जेवायला बसलेल्या माणसाला.

इथून एक गोष्ट निघते, ती घरातल्या मंडळींसाठी आहे. जे ज्ञान फक्त जेवणाऱ्याकडे आहे, ते त्याला सांगावंसं वाटलं पाहिजे. आमच्या नातीनं एकदा शाळेतल्या वाढदिवसाचा केक खाल्ला आणि बोलस दिला नाही. पंपात नोंद झाली असती, संध्याकाळी घरी कुणीतरी ती बघून "केक कशाला खाल्लास?" म्हणालं असतं. तिनं सरळ हिशोब केला. बोलस लपवला की केक लपतो. रात्री साखर ३४० निघाली. केकनं तिचं फार बिघडलं नसतं. बिघडवलं ते न दिलेल्या मात्रेनं, आणि ती मात्रा अडवली आपल्या रागावण्याच्या भीतीनं.

आपली भाषाही इथे आडवी येते. "आज साखर चांगली आहे ना?" "एवढी वाईट कशी आली?" चांगलं आणि वाईट हे शब्द आपण माणसाच्या वागण्यासाठी वापरतो, आणि मुलांना ते तसेच ऐकू येतात. २४० हा एक आकडा आहे. तो इतकंच सांगतो, की चारपैकी कुठली तरी गोष्ट अंदाजापेक्षा वेगळी निघाली. कणीक जास्त होती, बोलस उशिरा गेला, नळी अडली, ताप येतो आहे. अनुमान फसणं आणि माणूस दोषी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्योतिष्याला माफ करणारे आपण, दहा वर्षांच्या मुलाच्या अंदाजाला माफ करत नाही.

तेव्हा प्रश्न बदलून बघा. "किती आली?" याऐवजी "आज ताटात काय होतं? किती धरलं होतंस? बटण केव्हा दाबलंस?" असं विचारा. त्यातून पुढच्या वेळचं अनुमान सुधारतं. आमच्याकडे हल्ली फ्रिजवर एक वही लटकवली आहे. तिच्यात कुठल्या पदार्थाला किती धरलं आणि तीन तासांनी काय दिसलं, एवढंच लिहायचं. शेरे लिहायला त्यात रकाना ठेवलेला नाही. मिसळीच्या चार नोंदी झाल्या आहेत, आणि चौथ्या वेळेचा अंदाज पहिल्यापेक्षा पुष्कळ जवळ आला.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, मात्र मात्रेचे प्रश्न डॉक्टरांसाठी राखून ठेवा. पुढच्या वेळी अनुमानाचा तिसरा प्रकार, सामान्यतोदृष्ट, घेऊ.